शेळ्यांच्या मरीचा इतिहास व त्यापासून घ्यावयाचा बोध

राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला; परंतु ज्या मुक्या जनावरांवर गोरगरिबांचे संसार चालत आले, त्यांच्या साथींचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. भूमिहीन कुटुंबास अडल्यावेळी सावकाराच्या दारी जाण्यापासून वाचविणारी तीच होय. म्हणून एका रात्रीत दहा शेळ्या मेल्या, तर ते त्या घरावर कोसळलेले अरिष्टच समजावे.

पूर्वी साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेण्याची चाल अनेक गावांत होती. रोगाचे कारण कळत नसता माणसाने दुसरे काय करावे? गुरांच्या बुळकांडीने तर देशभर हाहाकार उडविला होता. या साथींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८९ साली आपल्या पुण्यातच जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली व १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे गेली. तेथे एडवर्ड्‌स नावाच्या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार नेऊन सौम्य केला व त्यापासून गुरांसाठी लस सिद्ध झाली. १९५४ साली सुरू झालेल्या राष्ट्रव्यापी मोहिमेत हीच लस प्रथम कामी आली. भारतातील बुळकांडीचा शेवटचा प्रादुर्भाव १९९५ सालचा, आणि २०११ साली तो रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. गाईबैलांचे प्राण वाचविण्यात शेळीचा असा वाटा आहे.

परंतु शेळीचे स्वतःचे दुखणे मात्र दीर्घकाळ ओळखले गेले नाही. तिची मरी बुळकांडीसारखीच दिसे. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, हगवण, आणि शेवटी फुप्फुसाचा दाह. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे १९४२ साली या रोगाचे प्रथम वर्णन झाले. आपल्या देशात तो १९८७ साली तामिळनाडूतील अरासूर गावी निश्चितपणे ओळखला गेला. त्यापूर्वी शेळ्यांची 'बुळकांडी' म्हणून नोंदलेल्या कित्येक साथी वस्तुतः याच रोगाच्या असाव्यात, असे जाणकार मानतात. यालाच आज पीपीआर म्हणतात. पुढे हिमाचल प्रदेशातील सुंग्री येथे १९९६ साली मिळालेल्या विषाणूपासून मुक्तेश्वर येथेच त्यावर लस तयार झाली. २०३० सालापर्यंत हा रोग जगातून घालविण्याचा संकल्प २०१५ साली सोडण्यात आला आहे.

तथापि केवळ विषाणूस दोष देऊन चालणार नाही. त्याच्या हाती आपणच शस्त्र देतो. आठवडे बाजारातून आणलेली शेळी तशीच कळपात सोडली, की रोग घरात आलाच. साथ पाहून कळप घाईने दुसऱ्या गावी हलविला, तर रोगही बरोबर जातो. ओल्या, कोंदट गोठ्यात दाटीने बांधलेली करडे थंडीवाऱ्याने व हगवणीने दगावतात. जन्मतःच पहिल्या काही तासांत चीक न मिळालेले करडू तर रोगापुढे निःशस्त्रच असते. जंतांनी पोखरलेली व उपाशी शेळी कोणत्याही साथीस आधी बळी पडते. पहिल्या पावसाच्या कोवळ्या चाऱ्यावर अधाशीपणे चरलेल्या शेळ्या आंत्रविषाराने अचानक मरतात. त्यात करणीचा संबंध नाही.

उपाय खर्चाचे नाहीत. नवे जनावर निदान तीन आठवडे वेगळे ठेवावे. जन्मलेल्या करडास लगेच चीक पाजावा. गोठा कोरडा राखावा. वेळेवर जंतांचे औषध द्यावे व तीन-चार महिन्यांपुढील सर्व शेळ्यांना पीपीआरची लस टोचून घ्यावी. मात्र एकट्याने लस टोचून भागत नाही. साऱ्या गावाने एकाच वेळी टोचून घेतली तरच साथीची वाट बंद होते. मेलेले जनावर ओढ्यात न टाकता खोल पुरावे, व साथीची वर्दी गुरांच्या दवाखान्यास त्वरित द्यावी.

बुळकांडीसारखा महारोग संघटित प्रयत्नांपुढे टिकला नाही, हे आपण पाहिले. तोच मार्ग शेळीसाठी मोकळा आहे. समाजबांधवांनी आपापल्या गावी यंदाच त्याचा आरंभ करावा, इतकीच नम्र विनंती.