मराठी प्रदेशातील बुद्धिमापन चाचण्यांचा इतिहास आणि निदानाची तत्त्वे

प्रस्तावना :
मानसशास्त्रीय मापन हे चिकित्सालयीन मानसशास्त्राचे एक महत्त्वाचे अंग होय. मावळ तालुक्यातील परंदवडीसारख्या गावातील एखादे मूल शाळेत सतत मागे पडते, तेव्हा शिक्षकांच्या सांगण्यावरून पालक त्याला शहरातील रुग्णालयात नेतात. तेथे त्याला प्रश्न विचारले जातात, ठोकळे मांडावयास दिले जातात आणि अखेरीस बुद्धिगुणांकाचा एक आकडा हाती येतो. त्या आकड्यावर शाळेतील सवलती व दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र बऱ्याच अंशी अवलंबून असते. परंतु हा आकडा कोणत्या मुलांशी तुलना करून काढला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी भाषिक प्रदेशातील दोन महत्त्वाच्या प्रयत्नांचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी :
बुद्धिमापनाचा आरंभ शाळेच्या गरजेतून झाला. सर्वसाधारण वर्गात शिकू न शकणारी मुले कशी ओळखावीत, हा प्रश्न फ्रान्समध्ये निर्माण झाला असता आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये पहिली श्रेणी तयार केली. १९०८ च्या सुधारित श्रेणीत प्रश्नांची वयानुसार मांडणी झाली. विशिष्ट वयाची बहुतांश मुले जो प्रश्न सोडवितात, तो त्या वयाचा प्रश्न मानावा, असे हे साधे तत्त्व होते. त्यावरून मानसिक वय काढता येऊ लागले. पुढे अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये स्टॅनफर्ड आवृत्ती सिद्ध केली आणि मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणण्याची पद्धत रूढ झाली.

बिने यांच्या तत्त्वातच त्याची मर्यादाही दडलेली होती. पॅरिसमधील सात वर्षांच्या मुलांना सुटणारा प्रश्न दुसऱ्या देशातील सात वर्षांच्या मुलांना सुटेलच असे नाही. म्हणून प्रश्नांचे केवळ भाषांतर करून भागत नाही; त्या प्रदेशातील मुलांवर ते पुन्हा पारखून घ्यावे लागतात. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. भारतात लाहोर येथील सी. हर्बर्ट राइस यांनी या दिशेने केलेले हिंदुस्थानी भाषेतील कार्य १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले.

धारवाड : कामत यांचे कार्य :
मराठी मुलांच्या दृष्टीने निर्णायक कार्य डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. तत्कालीन मुंबई इलाख्यातील धारवाड येथे त्यांनी स्टॅनफर्ड आवृत्तीच्या आधारे कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी श्रेणी तयार केली. या संशोधनाचा वृत्तांत १९३४ मध्ये ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. एकाच श्रेणीची दोन भाषांमध्ये सिद्धता करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. कन्नड ही द्राविडी, तर मराठी ही आर्यकुलातील भाषा असल्याने शब्दांवर आधारलेला प्रश्न दोन्हीकडे सारखाच कठीण राहील याची खात्री देता येत नाही. बिने-कामत या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी पुढे अन्य भारतीय भाषांतही गेली आणि अनेक दशके रुग्णालयांत वापरात राहिली.

नागपूर : मॅलिन यांचे कार्य :
दुसरा प्रयत्न नागपूर येथे झाला. डेव्हिड वेश्लर यांच्या १९४९ च्या बालकांच्या चाचणीचे भारतीय रूपांतर डॉ. ए. जे. मॅलिन यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या चाचणीत शाब्दिक व कृतिप्रधान असे दोन भाग आहेत. त्यामुळे भाषेत अडखळणारे परंतु ठोकळ्यांची रचना सहज करणारे मूल नजरेतून सुटत नाही. मॅलिन यांनी एडगर डॉल यांच्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचेही भारतीय रूपांतर केले. मूल स्वतःच्या हाताने जेवते का, कपडे घालते का, एकटे दुकानात जाऊन येते का, अशा दैनंदिन बाबींची माहिती या श्रेणीद्वारे पालकांकडून घेतली जाते.

निदानाची तत्त्वे :
या इतिहासातून निदानाची तीन तत्त्वे स्पष्ट होतात. पहिले तत्त्व असे की, गुणांक हा तुलनात्मक असतो. ज्या समूहावर प्रमाणके बसविली, त्या समूहाबाहेरील मुलास तीच लावताना सावधगिरी बाळगणे आवश्यक ठरते. मावळातील कातकरी मुलाची घरची बोली प्रमाण मराठीहून भिन्न असते. त्याला शाब्दिक प्रश्न न कळल्यास ती बुद्धीची उणीव मानणे चुकीचे ठरेल.

दुसरे तत्त्व असे की, प्रमाणके जुनी होतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मधील अभ्यासांत दाखवून दिले की, अनेक देशांत चाचण्यांवरील सरासरी गुण पिढीगणिक वाढत गेले. याचा परिणाम असा की, जुन्या प्रमाणकांवर मुलाचा गुणांक प्रत्यक्षापेक्षा अधिक येऊ शकतो. सत्तर ही रूढ सीमारेषा धरल्यास, आजच्या मुलांच्या तुलनेत ज्याचा गुणांक ६६ ठरेल, त्याचा जुन्या प्रमाणकांवर ७३ येऊ शकतो आणि खरोखर गरजू मूल साहाय्यापासून वंचित राहते. पहिल्या चुकीत नसलेले दिव्यांगत्व चिकटते, तर दुसऱ्या चुकीत असलेले दिव्यांगत्व नाकारले जाते. दोन्हींचे मूळ प्रमाणकांच्या अविचारी वापरात आहे.

तिसरे तत्त्व असे की, गुणांक म्हणजे निदान नव्हे. मुलाचा जन्मवृत्तांत, श्रवण व दृष्टी यांची तपासणी, शाळेतील प्रगती, घरातील वातावरण आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांच्या मेळातून निदान केले जाते. २०१३ मधील अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने बौद्धिक दिव्यांगत्वाची तीव्रता गुणांकाऐवजी व्यावहारिक क्षमतेवरून ठरविण्याचे सुचविले. भारतात मॅलिन यांच्या सामाजिक परिपक्वता श्रेणीने ही दृष्टी त्यापूर्वीच चिकित्सकांच्या हाती दिली होती.

समारोप :
कामत यांनी बिने यांची श्रेणी जशीच्या तशी स्वीकारली नाही, ती येथील मुलांवर तपासून घेतली. मॅलिन यांनीही तोच मार्ग अनुसरला. त्यांच्या चाचण्या जपून ठेवणे म्हणजे त्यांचा वारसा चालविणे नव्हे. त्यांनी आपल्या काळात जे केले, ते आजच्या मुलांसाठी पुन्हा करणे हा खरा वारसा होय. मराठीच्या बोली लक्षात घेऊन नवी प्रमाणके सिद्ध करणे, हे विद्यापीठे व महाविद्यालयांतील मानसशास्त्र विभागांपुढील कर्तव्य आहे. तोपर्यंत प्रत्येक अहवालात गुणांकासोबत चाचणीचे नाव, प्रमाणकांचे वर्ष आणि परीक्षणाची भाषा नमूद केली, तरी परंदवडीहून आलेल्या मुलाला मिळणारा न्याय अधिक खात्रीचा होईल.