गाऊन दाखवा, मग शिकवू

गेल्या वटपौर्णिमेला पूजा आटोपून आम्ही पाचसात जणी मंडळाच्या पायऱ्यांवर टेकलो होतो. आमच्यातल्याच एका वहिनींची नात तेथे बसून मोबाईलवर कसलासा अर्ज भरीत होती. विचारले तेव्हा कळले की, पोरीला संगीतात एम. ए. करावयाचे आहे, आणि अर्ज पोचल्यावर परीक्षकांपुढे बसून गाऊन दाखवावयाचे आहे. त्यावर एक आजी चटकन म्हणाल्या, "गाता येतं म्हणून घेणार असतील, तर मग शिकवणार काय?" सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आले नाही, कारण हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी आमच्या वडिलांनी मला विचारला होता, आणि तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा तोच प्रश्न घेऊन बसले.

खरे पाहता अशी परीक्षा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण सर्वजणी कीर्तनात ऐकत आलो. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने काकांना विचारले, ही थापटी कशासाठी? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के हे हिने कळते. मग माणसांचीही परीक्षा करा, असे मुक्ताबाई म्हणाली, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारीत फेरी घातली. बाकीचे गप्प राहिले, नामदेव तेवढे रागावले, आणि मडके कच्चे ठरले. कुंभार मडके पारखतो ते कानाने; पक्क्या मडक्याचा आवाज खणखणीत येतो, कच्च्याचा बद्द येतो. गोष्टीचा पुढला भाग आपण घाईने सांगतो, पण मला तो अधिक मोलाचा वाटतो. कच्चे ठरलेले नामदेव घरी बसले नाहीत, विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले.

पूर्वी गाणे शिकावयाचे तर अर्ज नव्हता, गुरूचे पाय धरावे लागत. ग्वाल्हेरचे ख्यालगायन महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना विद्येसाठी किती वणवण करावी लागली, हे पुष्कळांनी वाचले असेल. गुरूच्या घरी पडेल ते काम करावे, मर्जी संपादावी, आणि मग गंडा बांधला जावा, अशी ती रीत होती. तीत विद्या पक्की होई यात शंका नाही. पण घरंदाज बाईला ते दार बंदच होते. बायकांचे गाणे म्हणजे जात्यावरच्या ओव्या, पाळणे, भुलाबाईची नि देवीची गाणी. तुळजापूरच्या आईच्या गोंधळात संबळ वाजे तो पुरुषांच्या हाती. ज्या स्त्रिया बैठकीत गात, त्यांच्यापाशी अस्सल विद्या होती. परंतु समाज त्यांचे गाणे ऐके आणि त्यांना मान देत नसे. हिराबाई बडोदेकरांनी (१९०५ ते १९८९) रंगमंचावर बसून मर्यादेने मैफल करण्याचा पायंडा रुळविला, तेव्हा कोठे मध्यम घरांतल्या आईबापांचा धीर वाढला.

गाण्याच्या शिक्षणाला शाळेचे रूप दिले ते कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांनी. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे दुखावले, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले व १९०८ साली मुंबईत. वर्ग, ठरलेल्या वेळा, अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र हे सारे गाण्यात आले. १९३१ साली ते वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या त्यांच्या परीक्षांची नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. दुसरीकडे पेशाने वकील असलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी गावोगाव हिंडून चिजा जमविल्या, त्या स्वरलिपीत लिहून मराठीत क्रमिक पुस्तके छापली, १९१६ साली बडोद्याला पहिली संगीत परिषद भरविली आणि १९२६ साली लखनौला संगीताचे कॉलेज उभे करण्यात पुढाकार घेतला. गुरूने मनात येईल तेव्हा द्यावयाची चीज आता चार आण्यांच्या वहीत उतरवून घेता येऊ लागली. जुन्या गवयांना हे रुचले नाही, आणि त्यांचे सगळेच म्हणणे चूक नव्हते, हे मला पुढे अनुभवाने कळले.

हे सारे तिकडे घडत असता आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो मोकळा झाला. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी. तोवर पदवीसाठी हैद्राबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे तोंड करावे लागे. कर्व्यांचे महिला विद्यापीठ मात्र १९१६ सालीच निघाले होते. पुढे प्रभा अत्रे याच विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. विज्ञान आणि कायदा या दोन्हींच्या पदव्या घेऊन, सुरेशबाबू माने व हिराबाई यांच्याकडे गाणे शिकून, संगीतात डॉक्टरेट मिळविलेल्या या बाई २०२४ च्या जानेवारीत आपल्यातून गेल्या. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ चा, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे. म्हणजे आमच्या लहानपणी गाण्यात उच्च पदवी घ्यावयाची तर जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या सगळ्या लांब.

मी १९७४ साली गेले होते. बी. ए. झाले होते, विशारदही झाले होते. कोठे गेले ते सांगत नाही. शहर मोठे होते एवढे पुरे. तेव्हा आपल्या गावाला रेल्वे नव्हती. एस. टी. ने येडशी, तेथून बार्शी लाईटची छोटी गाडी, कुर्डुवाडीला उतरून मोठी गाडी, असा प्रवास. वडील बरोबर होते. वाटेत ते एकदाच बोलले, तो वरचा प्रश्न.

खोलीत तिघे परीक्षक होते. मी यमन बसवून नेला होता, विलंबित एकतालात आणि पुढे द्रुत. तो धड झाला. एका परीक्षकांनी स्वरांची एक ओळ गुणगुणून परत म्हणावयास सांगितली, तीही जमली. हातावर झपताल धरून दुप्पट म्हणून दाखविली. मग तंबोरा पुढे सरकवून बाई म्हणाल्या, "उतरला आहे, जरा लावून घ्या." मी चार तारांकडे पाहात राहिले. आमच्याकडे शिकणे पेटीवर. पट्टी ठरलेली काळी चार. पेटीची पट्टी दाबली की स्वर तयार येतो, तो शोधावा लागत नाही. पंचम, मधले दोन जोड, खालचा खर्ज हे पुस्तकात पाठ होते, पण खुंटी पिळताना कोठे थांबावे ते कानाला कोणी शिकविले नव्हते. शेवटी साथीदारांनी तो लावला. नंतर भूप गावयास सांगितला, आणि थोड्या वेळाने, "आता देसकार." दोन्हींत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूपात गंधारावर ठाण मांडावयाचे, देसकारात धैवतावर. वहीत मी हे लिहिले होते, गुणही मिळविले होते. गाताना माझा देसकार दोन आवर्तनांत भूपात जाऊन बसला. जुने गवई चिजा लिहून घेण्याला का नाके मुरडीत, ते मला त्या खोलीत समजले.

फळ्यावर नाव लागले नाही. बाई दारात भेटल्या. "आवाज चांगला आहे. वर्षभर तंबोऱ्यावर बसा आणि पुन्हा या," म्हणाल्या. त्यांनी खरे तेच सांगितले. पण गावात तंबोरा होता तो एकदोन घरी, आणि तेथे बैठक पुरुषांची. मार्गशीर्षात माझे लग्न ठरले. पुढे बत्तीस वर्षे शाळेत प्रार्थना आणि समूहगीते शिकविली. पुन्हा जाणे झाले नाही.

गंमत अशी की, तंबोऱ्याचे भोपळे पिकतात ते आपल्या शेजारीच, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला. तेथून ते वाळून मिरजेला जातात, आणि शिकलगार मंडळींच्या हातून तूणाच्या लाकडाची दांडी बसून वाद्य होते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळा दाराशी आणि तंबोरा नाही, अशी आपली अवस्था! म्हणून काही वर्षांपूर्वी मंडळाच्या शिलकीतून तंबोरा घ्यावा असे मी सभेत सुचविले, तेव्हा केवढा वाद झाला तो जुन्या सभासदांना आठवत असेल. निम्म्या जणींना भाड्याने द्यावयास मोठी पातेली हवी होती. एका मताने तंबोरा आला. (पातेलीही पुढल्या वर्षी आलीच.)

वहिनींची नात त्याच तंबोऱ्यावर दोन वर्षे बसली. मोबाईलमध्येही तंबोरा मिळतो, मग हा खटाटोप कशाला, असे तिनेही विचारले होते. मी तिला खुंट्या उतरवून दिल्या आणि म्हटले, लाव. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला आणि एक तार तुटली.

ज्यांच्या मुलींना पुढे जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. विशारद ही काही ठिकाणी पदवीच्या बरोबरीची धरतात, काही ठिकाणी धरीत नाहीत. तेव्हा त्या त्या विद्यापीठाचे माहितीपत्रक नीट वाचूनच अर्ज करावा. दुसऱ्या विद्यापीठात जावयाचे तर स्थलांतर प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवावे. यातच पुष्कळांची धावपळ होते. आणि यादीत दहा राग लिहून चार गाण्यापेक्षा चारच लिहावेत, कारण परीक्षक न बसविलेला तेवढाच नेमका विचारतात.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. सांगितलेले कानाने उचलता येते का, लय सुटते का, चूक झालेली स्वतःला कळते का, एवढे त्या पंधरा मिनिटांत पाहतात. हे असेल तर दोन वर्षांत शिकविण्यासारखे पुष्कळ उरते. नसेल तर परीक्षकांचाही नाइलाज होतो.

नातीचे नाव आधी प्रतीक्षायादीत तिसरे लागले. घरी दोन दिवस सुतक असल्यासारखे होते. पंधरा दिवसांनी बोलावणे आले, आणि ती गेली. जाताना मला स्टँडवर सांगून गेली की तिलाही तंबोरा लावावयास सांगितला होता. देसकार विचारला नाही, मारवा विचारला.

आता मंगळवारच्या भजनाआधी दुसऱ्या दोन मुली पाळीपाळीने तंबोरा लावतात, आणि आम्ही टाळ हातात धरून थांबतो. त्याच आजी सर्वांत पुढे बसतात. परवा जोडाची तार जराशी वर गेली, तेव्हा मुलीच्या आधी त्यांनीच मान हलविली.