कुरूप कोण, हे ठरवतो कोण?

औंढ्या नागनाथाची आख्यायिका हिंगोलीकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नर्सीचा नामदेव, जातीनं शिंपी. देवळापुढं कीर्तनाला उभा राहिला, तर पुजाऱ्यांनी त्याला मागं पिटाळलं. मग म्हणे देऊळच फिरलं. फिरलं की नाही, तो वाद राहू द्या. हा माणूस समोर शोभत नाही, असं ठरवणारे कोण होते, तेवढं ध्यानात ठेवा. कुरूपता अशी हुकमानं तयार होते.

चीनमधल्या ग्वानश्यू (८३२–९१२) या बौद्ध भिक्षूनं हा हुकूम मानला नाही. त्यानं सोळा अर्हत रंगवले. अर्हत म्हणजे बुद्धाच्या वाटेनं मुक्त झालेले. ते साजरेगोजरे काढता आले असते. ह्यानं काढले कपाळाला टेंगळं आलेले, भुवया लोंबलेले, पाठीत वाकलेले. हे चेहरे मला स्वप्नात दिसले, असं तो सांगे. चिनी लोकांना ते परमुलखातले, भारतातले वाटले. तरी त्यांनी हात जोडले. १७५७ साली सम्राट च्येनलुंगनं हांगचौच्या विहारात ही चित्रं पाहिली. पुढं ती दगडावर कोरली गेली.

नंतरचा फू शान (१६०७–१६८४), वैद्य आणि सुलेखनकार. १६४४ मध्ये मिंग राजवट बुडाली. नव्या मांचू राजांची चाकरी त्यानं नाकारली. अक्षर कुरूप झालं तरी चालेल, लाळघोटं देखणेपण नको, हा त्याचा बाणा.

आता आपल्या मराठवाड्यात या. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यात एक यक्ष सापडला, दोन हजार वर्षांहून जुना. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर वाडगं. ओझं वाहतोय आणि खुशाल हसतोय. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की हा कान्हदास सोनारानं घडवला. राजाचं नाव नाही, घडवणाऱ्याचं आहे!

फरक मात्र विसरू नका. फू शाननं कुरूपता निवडली. आमच्यावर ती लादली. आमची भाषा ओबडधोबड, आमचे शब्द शिवराळ, असं म्हणणारे पंडित अजून आहेत. त्यांच्यासाठी शब्द घासूनपुसून गोजिरे करायचे नाहीत. ओझं वाहणाऱ्याचा चेहरा आहे तसा कोरायचा, आणि कान्हदासासारखं त्याच्या हातावर आपलं नाव घालायचं.