विम्याचा दर आणि घोड्यावरची मांड

मुंबईच्या पेढीवाल्यांना विम्याचा व्यवहार इंग्रजांनी शिकविला, असा जो समज अधूनमधून कानांवर येतो तो निराधार होय. पश्चिम किनाऱ्यावरील सराफांच्या वह्यांत जोखमी हुंडी परंपरेने चालत आलेली होती. माल गलबतावर चढला की त्याच्या भरवशावर हुंडी लिहिली जाई, गलबत सुखरूप बंदराला लागले तर तिचे पैसे चुकते होत, आणि ते वाटेत बुडाले तर हुंडीही त्याच्याबरोबर बुडे. समुद्राच्या लहरीची किंमत रुपये-आण्यांत बांधणाऱ्या या मंडळींना माणसाच्या आयुष्याचीही तशीच किंमत बांधता येते हे मात्र साहेबाच्या दप्तरातूनच कळले. आणि ज्या रीतीने कळले ती काही फारशी गौरवाची नव्हती.

कलकत्त्याची ओरिएंटल लाइफ कंपनी १८१८ साली निघाली व १८३४ साली बुडाली. मद्रासेत १८२९ पासून इक्विटेबल कंपनीचा कारभार सुरू झाला. या संस्था गोऱ्या अंमलदारांसाठी व व्यापाऱ्यांसाठी होत्या. पुढे हिंदी इसमांचे विमे उतरविण्यास आरंभ झाला तोही हिंदी आयुष्य हे कमी प्रतीचे आहे असे गृहीत धरून, म्हणजे हप्त्यावर जबर अधिभार लावून. न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की हिंदुस्थानच्या हवेबद्दल जादा आकारणी गोऱ्यालाही भरावी लागे. परंतु तो विलायतेस परतला की त्याचा हप्ता खाली येई. जो येथेच जन्मला आणि येथेच मरणार, त्याला त्या आकारणीतून सुटण्यासाठी कोणत्या विलायतेस जावयाचे होते? खरी गोष्ट अशी की हिंदी माणूस किती वर्षे जगतो याचे भरवशाचे कोष्टकच कंपन्यांजवळ नव्हते, आणि आकड्याची उणीव पूर्वग्रहाने भरून काढणे हा हिशेबनिसाला सर्वांत सोपा मार्ग असतो.

लंडनची अल्बर्ट कंपनी १८६९ साली कोसळली, तेव्हा हिंदुस्थानातील तिच्या पॉलिसीदारांचीही झोप उडाली. कापसाच्या तेजीत फुगलेली आणि १८६५ साली फुटलेली मुंबईची भागभांडवली लाट लोक अद्याप विसरले नव्हते. अशा भाजलेल्या शहरात १८७०-७१ च्या सुमारास बॉम्बे म्युच्युअल ही संस्था उभी राहिली व तिने हिंदी आयुष्ये नेहमीच्या दराने स्वीकारली. मागोमाग १८७४ साली ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी ही कलकत्त्याच्या बुडालेल्या ओरिएंटलहून निराळी कंपनी आली, जिने विमेदारांचा पैसा सरकारी रोख्यांत राहील ही हमी थेट आपल्या नावातच गोवली. तेच वर्ष मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाल्याचे. ट्रामकंपनीच्या पागेत सुमारे ९०० जनावरे होती असे सांगतात. विमा कंपनीपेक्षा ट्रामचा बोलबाला अर्थातच अधिक झाला.

घोडा हा त्या मुंबईचा दुसरा मोठा व्यापार. बसऱ्याहून व इराणी आखाताच्या इतर बंदरांतून अरबी घोडे गलबतांनी येत, सौदागरांच्या तबेल्यांत उतरत, आणि तेथून लष्कराच्या, संस्थानिकांच्या किंवा भायखळ्याच्या शर्यतीच्या शौकिनांच्या हाती जात. (१८८३ साली शर्यती महालक्ष्मीला गेल्या.) नवशिक्या साहेबाला मांड कशी धरावी आणि लगाम कसा सैल सोडावा हे चाबुकस्वाराकडून शिकण्याची सोय होती, खरारा, चंदी व खोगीर मोतद्दार पाहत असे. आणि विमा येथेही होताच. पुणे हॉर्ससारख्या शिलेदारी रिसाल्यांत घोडा स्वाराच्या मालकीचा असल्याने प्रत्येकाच्या पगारातून दरमहा चंदा कापला जाई, आणि कोणाचे जनावर मेले तर त्या फंडातून त्याला दुसरे घेण्यास मदत मिळे. त्या घोड्याच्या आयुष्याचा हिशेब प्रत्यक्ष अनुभवावरून होत असे. धन्याला ते भाग्य लाभण्यास बॉम्बे म्युच्युअलची वाट पाहावी लागली.

मांड ही केवळ हौस नव्हती. जिल्ह्याचा कारभार फिरतीवर चाले, म्हणून सनदी नोकरीच्या उमेदवाराला अखेरीस घोड्यावर बसण्याची परीक्षा द्यावीच लागे. परीक्षा विलायतेत, शिकवणी विलायतेत, आणि तिचा खर्च उमेदवाराच्या पदरचा. देहाची ही दुसरी मोजणी पहिलीहून विलक्षण होती, कारण विम्याच्या कोष्टकाला पुढे अनुभवाच्या आकड्यांनी उत्तर देता येण्याजोगे होते. परीक्षकाच्या नजरेपुढे असे काही ठेवणे शक्य नव्हते. उमेदवाराच्या वयाचा प्रश्न तरी न्यायालयात नेता आला. १८६९ साली मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि बंगालचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना वय अधिक म्हणून वगळण्यात आले. परंतु चालू वर्ष धरण्याची हिंदी रीत व पूर्ण झालेले वर्ष धरण्याची विलायती रीत यांतील अंतर पुढे मान्य झाले व दोघांचीही निवड कायम राहिली. मांडीच्या पकडीबद्दल असे अपील कोणाकडे करावे?

अरविंद घोष १८९० साली लेखी परीक्षेत अकरावे आले आणि १८९२ साली घोडेस्वारीच्या परीक्षेस शेवटपर्यंत हजर न राहिल्याने बाद ठरले. त्यांच्या मनात ती नोकरी नव्हती हे पुढे त्यांनीच सांगितले आहे, तेव्हा सारा दोष परीक्षकांवर टाकणे बरे नव्हे. तथापि पुढचा योग मोठा मौजेचा आहे. १८९३ च्या आरंभी ते हिंदुस्थानात परतले ते बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या चाकरीत. आणि ज्या गायकवाडांची दौलत पिलाजी व दमाजी यांच्या घोडदळाने कमावली, त्यांच्या दरबाराने नव्या नोकराला रुजू करून घेताना घोडेस्वारीचा दाखला मागितल्याचे ऐकिवात नाही.