मृत्यूचे देहधारण : एका मध्ययुगीन पोलिश संवादकाव्याविषयी

अमूर्त कल्पनेला देह देणे म्हणजे केवळ अलंकरण नव्हे. त्या देहाबरोबर एक विचारव्यूहही संहितेत प्रवेश करतो. पंधराव्या शतकातील ‘आचार्य पोलिकार्प आणि मृत्यू यांचा संवाद’ हे पोलिश काव्य या दृष्टीने लक्षणीय ठरते. लॅटिन संवादाच्या आधारे रचलेल्या या काव्यात मृत्यूचे दर्शन घडावे अशी प्रार्थना पोलिकार्प करतो. ती फळते, आणि समोरचे रूप पाहून हा विद्वान भयाने कोसळतो.

हे रूप स्त्रीचे आहे : कृश, विवर्ण, मस्तकाला वस्त्र गुंडाळलेले, नाकाचा शेंडा झडलेला, हाती लांब दांड्याचे गवत कापण्याचे पाते. पोलिश भाषेत मृत्युवाचक शब्द स्त्रीलिंगी आहे. परंतु व्याकरणाने फार तर लिंग ठरते, कुजणे ठरत नाही. येथे मारणारी स्वतःच मृतदेहाच्या रूपात उभी आहे. कर्ता आणि कर्माचे फळ एकाच शरीरात आल्यामुळे पाहणाऱ्याला तिच्यात आपलेच भवितव्य दिसते.

मात्र ही आकृती बोलू लागताच भयाला उपहासाची जोड मिळते. राजा असो वा रंक, ती कोणालाही सोडत नाही. वैद्यांच्या औषधांची ती थट्टा करते. लठ्ठ धर्मगुरू, लाचखाऊ न्यायाधीश, वाईट बिअर देणारे गुत्तेवाले यांना धमकावते. या समतेला सामाजिक बंडखोरी म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण सदाचारी माणसाला तिचे भय नाही, असेही काव्य सांगते. पाते सर्वांवर चालते. भय मात्र आचरणानुसार वाटले जाते. समतेच्या पोटात अशी नैतिक उतरंड शिल्लक राहते, आणि काव्याचा खरा ताण तेथेच आहे.

प्वोत्स्क येथील हस्तलिखित दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) नाहीसे झाले. त्यातील ४९८ ओळी आज ज्ञात आहेत. शेवट त्यात नव्हता, तो सोळाव्या शतकातील रशियन भाषांतरावरून अनुमानावा लागतो. पोलिश संहितेत हा संवाद मिटत नाही, तुटतो. धर्मोपदेशाचा समारोप हरवला आणि मृत्यूची वाणी तेवढी उरली. आधुनिक वाचकाला ती अधिक निरंकुश भासते. हा भास कवीचा किती आणि काळाचा किती, याचे भान समीक्षेने ठेवले पाहिजे.