स्वतः फुगणारी पिशवी

१९५२च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात येऊ लागले. अख्खे शरीर आत घेणारे श्वसनयंत्र तिथे एकच होते, छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ऑपरेशन थिएटरमधली रीत वॉर्डात आणली: गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा सोडायची. सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले.

पण ती पिशवी लुळी होती. दाबल्यावर ती पुन्हा भरायची ती सिलिंडरमधल्या वायूने. सिलिंडर नाही तर श्वास नाही. पुढे डेन्मार्कमध्ये ट्रकचालकांचा संप झाला आणि ऑक्सिजनचा पुरवठाच अडचणीत आला, तेव्हा ही उणीव सगळ्यांना जाणवली. डॅनिश भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन आणि जर्मन अभियंता होल्गर हेसे यांनी तिच्यावर उपाय काढला. पहिल्या नमुन्यात हेसेंनी सायकलचे स्पोक जोडून पिशवीला आतून ताण दिला. हात सैल सोडला की पिशवी आपसूक उघडे आणि खोलीतली साधी हवा ओढून घेई. रूबेन यांच्या झडपेमुळे दाबलेली हवा रुग्णाकडे जाई आणि त्याचा उच्छ्वास बाहेर पडे. १९५६ साली ती ‘अंबू’ नावाने विक्रीला आली.

फुप्फुसांत हवा भरण्याची कल्पना मात्र जुनीच. अठराव्या शतकात युरोपात बुडालेल्यांना भात्याने हवा देत. १८२०च्या दशकात फ्रान्समधल्या लरॉय देतिओल यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की जोराने भरलेली हवा फुप्फुसे फाडून जीव घेते. भाता मागे पडला. पुढची शंभरएक वर्षे छाती-पाठ दाबण्याच्या आणि हात वर-खाली करण्याच्या पद्धतींनी गाजवली.

आज आपल्याकडे प्रसूतिगृहापासून रुग्णवाहिकेपर्यंत ‘अंबू’ हाताशी असते. व्हेंटिलेटर मिळेपर्यंत नातेवाईकही ती दाबत बसलेले दिसतात. भात्याचा धोका मात्र तिच्यातही उरला आहे. मोठ्यांच्या पिशवीत साधारण दीड लिटर हवा मावते, एका श्वासाला अर्धा लिटर पुरते. घाबरलेला हात पिशवी पूर्ण आणि भराभर दाबतो. मग हवा पोटात जाते, उलटी होऊन ती फुप्फुसांत उतरण्याची भीती असते, आणि छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. म्हणून प्रशिक्षणात सांगतात: शक्य असेल तर दोघांनी काम वाटून घ्या. एकाने दोन्ही हातांनी जबडा उचलून मास्क घट्ट धरावा, दुसऱ्याने छाती जराशी वर येईपर्यंतच पिशवी दाबावी, आणि पुढचा श्वास पाच-सहा सेकंदांनी द्यावा.