तारापूर : गुप्ततेची भिंत आणि गावकूस

अणुवीजकेंद्राचा कचरा आणि अपघाताच्या वेळची तयारी हा शास्त्रज्ञांचा विषय आहे, आपला नव्हे, असे आपल्यातले पुष्कळ शिकलेले लोक मानतात. शेतमजुरी, शिष्यवृत्ती, राखीव जागा हे आपले प्रश्न आणि अणुभट्टी हा त्यांचा प्रश्न. ही वाटणी आपण केलेली नाही. कोणत्या ज्ञानाला कोणी हात लावायचा हे ठरवणारी व्यवस्था या देशात फार जुनी आहे. घाण कोणी उचलायची हे ठरवणारी व्यवस्थाही तितकीच जुनी आहे. तारापूरच्या इतिहासात या दोन्ही व्यवस्था एका जागी भेटतात. म्हणून हा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. विजेला आपला विरोध असण्याचे कारण नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. उद्योगीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही आणि स्वस्त, मुबलक विजेशिवाय उद्योगीकरण नाही, ही मांडणी त्यांनी 1943 साली केली. ज्यांच्या घरात पहिला पदवीधर कंदिलाखाली शिकला, त्यांना कंदिलाचे कौतुक सांगायला कोणी येऊ नये. प्रश्न विजेचा नाही. वीज कोणाकडे जाते, धोका कोणाच्या दारात राहतो आणि त्या धोक्याची माहिती कोणाच्या कपाटात बंद असते, हा प्रश्न आहे.

माहिती बंद करण्याचे काम तारापूरच्या कितीतरी आधी सुरू झाले. एप्रिल 1948 मध्ये संविधान सभेत, तिच्या कायदेमंडळाच्या बैठकीत, अणुऊर्जेचे विधेयक आले. म्हैसूरचे एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी तिथे रास्त प्रश्न विचारला. ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणाच्या संशोधनापुरती आहे, मग इथे ती शांततेच्या कामावरही का? शांततेसाठीचा वापर आणि युद्धासाठीचा वापर वेगळा काढणे कठीण आहे, असे पंडित नेहरूंचे उत्तर होते. त्या उत्तराने वीजनिर्मितीही गुप्ततेच्या भिंतीआड गेली. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने ही भिंत आणखी उंच केली. अणुकेंद्रांविषयीची माहिती प्रकट करण्यास मनाई करण्याचा अधिकार त्या कायद्याच्या कलम 18 ने सरकारला दिला.

या भिंतीच्या आत तारापूर उभे राहिले. 1963 साली अमेरिकेशी करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या आल्या आणि ऑक्टोबर 1969 मध्ये देशातले हे पहिले अणुवीजकेंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. भोवतालचा प्रदेश त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातला, आजच्या पालघर जिल्ह्यातला. किनाऱ्यावर मच्छीमारांची गावे आणि आत वारल्यांचे पाडे. पुढे 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली आणि पुनर्वसनाचा तंटा उच्च न्यायालयापर्यंत गेला. जमिनी घेण्याचा कायदा त्या वेळी 1894 चाच होता. ज्याचा जमिनीत हितसंबंध, त्याला मोबदला, असा त्याचा हिशेब. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याची रोजी बुडाली तर त्या हिशेबात तिला रकाना नव्हता. भूमिहीन माणूस विस्थापितांच्या यादीतही भूमिहीनच राहतो.

आता कचऱ्याकडे वळू. अणुभट्टीतून काढलेले इंधन आधी पाण्याच्या तलावात ठेवावे लागते, कारण ते बाहेर काढल्यावरही तापत राहते. 1974 च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधन देण्यात अडथळे आणले. वापरलेले इंधन मात्र तिने परत नेले नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करण्यास संमतीही दिली नाही. दोन सरकारे कागदोपत्री भांडत राहिली आणि ते इंधन तारापुरातच साचत गेले. देशातल्या इतर अणुभट्ट्यांच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखानाही तारापुरातच उभारला गेला. त्यातून उरणारा अत्यंत तीव्र कचरा काचेत मिसळतात, पोलादी डब्यांत भरतात आणि हवेने थंड होणाऱ्या तळघरात ठेवतात. सौम्य कचऱ्याचे पाणी मर्यादा पाळून समुद्रात सोडतात. तीव्र कचऱ्याचे प्रमाण थोडे आहे, असे अणुखाते सांगते. कोळशाच्या राखेच्या मानाने ते खरेही आहे. पण सीझियमची तीव्रता अर्धी व्हायला सुमारे 30 वर्षे लागतात आणि प्लुटोनियमची अर्धी व्हायला 24 हजार वर्षे. हा कचरा कायमचा पुरण्यासाठी खोल खडकातली जागा भारतात अजून तयार झालेली नाही. तोपर्यंत तात्पुरती जागा हीच कायमची जागा, आणि ती कोणाच्या तरी गावाशेजारी असते.

कचरा आपोआप डब्यात जात नाही, त्याला माणसांचे हात लागतात. एका कामगाराने किती किरणोत्सर्ग सोसावा याला आपल्याकडे मर्यादा आहे. पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. मर्यादा आवश्यकच आहे. पण तिच्यामागचे गणित पाहा. एका माणसाची मर्यादा भरली की काम थांबत नाही, दुसरा माणूस आणावा लागतो. 1970 च्या दशकात तारापूरला दुरुस्तीच्या कामासाठी बाहेरचे मजूर थोडा थोडा वेळ आत घेतले जात, असे पत्रकारांनी त्याच काळात लिहिले होते. कायम नोकराची नोंद कार्यालयात राहते. चार दिवसांच्या मजुराची नोंद कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते, आणि कंत्राटदार बदलला की हजेरीपटही जातो. त्या मजुराला वीस वर्षांनी आजार झाला तर त्याने कोणता पुरावा दाखवायचा?

वीजकेंद्राबाहेरचे एक उदाहरण याच रांगेत बसते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्टचे एक यंत्र 1985 पासून पडून होते. 2010 साली ते भंगारात लिलावाने विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते हातांनी फोडले. एक कामगार मेला आणि इतर काही जण गंभीर भाजले. यंत्रात काय आहे हे ज्यांना कळायला हवे होते ते विद्वान होते, आणि ज्यांनी ते फोडले त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. ज्ञान एका जातीच्या घरी आणि कचरा दुसऱ्या जातीच्या हाती, ही आपली जुनी रचना विज्ञानयुगातही मोडलेली नाही.

अपघाताच्या तयारीतही हीच रचना दिसते. 26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, पण शेजारचे प्रिप्यात शहर हलवायला सुमारे 36 तास गेले. त्या वेळात मुले रस्त्यावर खेळत होती. याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. 1979 च्या थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर तिथे केंद्राभोवती 10 मैलांपर्यंत, म्हणजे 16 किलोमीटरपर्यंत, लोकांना हलवण्याचा आराखडा सक्तीचा झाला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शोरहॅम येथे केंद्र जवळजवळ बांधून झाले होते. तिथल्या सफोक परगण्याच्या लोकप्रतिनिधींनी 1983 साली सांगितले की, या बेटावरून माणसे सुखरूप बाहेर काढताच येणार नाहीत. अब्जावधी डॉलर खर्चून बांधलेले ते केंद्र व्यापारी वीज न देताच बंद झाले. ते लोक सुस्थितीतले आणि शिकलेले होते, हे खरे. पण आराखडा त्यांच्या हातात होता, म्हणून ते त्यावर भांडू शकले.

आपल्याकडेही आकडा 16 किलोमीटरचाच आहे. केंद्राच्या बाहेरची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याची, आणि दर दोन वर्षांनी कवायत. 2012 साली महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात नोंदवले की, या कवायतींतूनच तयारीचा अपुरेपणा उघड झाला आहे. आराखड्यातल्या सूचना ज्या माणसाला उद्देशून असतात तो माणूस जरा डोळ्यांपुढे आणा. घरात थांबा, दारे-खिडक्या बंद करा. कुडाच्या भिंतीच्या घरात बंद करायचे काय? दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाची मोजणी कोणत्या गावात होणार? बोईसरच्या कारखान्यांत राबणारा परप्रांतीय मजूर कोणत्या यादीत आहे? होडी घेऊन समुद्रात गेलेल्या माणसाला भोंगा ऐकू जाईल काय? गाडी असलेला माणूस आराखडा नसतानाही निघून जाईल. आराखडा ज्याला हवा आहे, तो आराखड्याबाहेर आहे.

न्यायालयाकडे जाऊनही पाहिले गेले. 1995 साली अणुऊर्जा नियामक मंडळाने देशातल्या केंद्रांमधल्या सुमारे 130 सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल केला. तो जनतेसमोर यावा म्हणून पीयूसीएल आणि मुंबई सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका फेटाळली गेली आणि जानेवारी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गुप्ततेच्या बाजूने कौल दिला. शत्रूला कळू नये म्हणून बंद केलेले कागद शेजाऱ्यालाही बंद झाले.

तेव्हा आपल्या मागण्या तारापूरपुरत्या तरी नेमक्या असाव्यात. माणसे हलवण्याचा आराखडा अणुबाँबचे रहस्य नाही. तो मराठीत आणि वारलीसारख्या तिथल्या बोलींत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. कवायत पाड्यावर आणि चाळीत झाली पाहिजे. कंत्राटी मजुराने सोसलेल्या किरणोत्सर्गाची नोंद त्याच्या स्वतःच्या हातात आणि आयुष्यभर राहिली पाहिजे. त्या भागातल्या महाविद्यालयांतले शिक्षक आणि विद्यार्थी सुट्टीत पाहणी करू शकतात. कंत्राटावर आत कोण जाते, कोणत्या वस्तीतून जाते, भोंगा वाजला तर कुठे जायचे हे किती घरांना माहीत आहे, एवढे जरी गावोगाव लिहून काढले तरी ग्रामसभेत मांडायला आणि जिल्हाधिकाऱ्याला विचारायला कागद तयार होईल. गावाचा पाणवठा खुला करून घ्यायला आपल्याला महाडला जावे लागले होते. हा कागदही कोणी आणून देणार नाही.